काचबेडूक: फॉरवर्डमधलं हृदय आणि सेंट्रोलीनचा काटा

पाणवाटा (धागाकर्ती) | शनिवार, रात्री ९:४०

घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो फोटो पुन्हा फिरून आला. काचेला चिकटलेला इवलासा हिरवा बेडूक, खालून टिपलेला, आणि पोटाच्या कातडीतून लाल हृदय स्पष्ट दिसतंय. खाली मजकूर: 'ॲमेझॉनच्या जंगलातला काचेचा बेडूक. याच्या पोटात काही लपत नाही!' दिनूकाकांनी हात जोडले, आत्याने 'अगंबाई' लिहिलं आणि मी नेहमीप्रमाणे मध्ये तोंड घातलं. काका, फोटो खरा आहे, मजकूर अर्धाच खरा. काका म्हणाले, "मग उरलेला अर्धा तू लिही की." ग्रुपवर एवढं लांबण कोण वाचणार, म्हणून हा धागा.

काचबेडूक ही एक जात नाही, अख्खं कूळ आहे. दक्षिण मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत पसरलेलं, दीडशेहून जास्त जातींचं. ॲमेझॉनच्या सखल जंगलातही काही राहतात, पण कुळाचं खरं माहेर म्हणजे अँडीज पर्वताचे उतार. समुद्रावरून किंवा ॲमेझॉनच्या बाजूने आलेली वाफ डोंगराला धडकते, धुकं होऊन झाडांत अडकते, आणि हजार-दीड हजार मीटरपासून पुढे सगळं जंगल कायम ठिबकत राहतं. आंबोलीचा जुलै बारा महिने चालू ठेवा, रात्री स्वेटर घालायला लावा, आणि दर शंभर पावलांवर एक ओढा सोडा. असं काहीसं.

या उतारांवरच्या ज्या घराण्याबद्दल (म्हणजे कुळातल्या जवळच्या जातींच्या एका गटाबद्दल) मला लिहायचंय त्याचं नाव सेंट्रोलीन. कुळाचं शास्त्रीय नाव याच्यावरूनच पडलं. गंमत म्हणजे फॉरवर्डमधल्या फोटोत हे घराणं जवळजवळ कधीच नसतं. तो मान हायलिनोबॅट्रॅकियम नावाच्या चुलत घराण्याला. त्यांच्या पोटाच्या आतलं अस्तर पूर्ण पारदर्शक असतं, म्हणून आतला सगळा संसार उघड्यावर. सेंट्रोलीनच्या पोटाचा मागचा भाग तसाच काचेसारखा, पण पुढच्या भागावर, छातीकडे, प्रकाश परतवणाऱ्या पेशींचा पांढरा पडदा असतो. हृदय त्या पडद्याआड. म्हणजे ज्याच्यावरून कुळाला नाव मिळालं, तोच बेडूक आपलं हृदय कुणाला दाखवत नाही.

त्याच्याकडे दाखवण्यासारखं दुसरंच काही आहे. नराच्या दंडाच्या हाडातून एक काटा निघतो. काही जातींत तो नुसता उंचवटा, काहींत चांगला टोकदार. आणि हाडं हिरवी! कातडीतून, गुडघ्यापाशी, बोटांत, हिरवी हाडं दिसतात. हायलिनोबॅट्रॅकियमची बहुधा पांढरी.

नाव ठेवलं १८७२ मध्ये मार्कोस हिमेनेस दे ला एस्पादा या स्पॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने. १८६२ मध्ये स्पेनने दक्षिण अमेरिकेकडे एक वैज्ञानिक मोहीम पाठवली, त्यात हा होता. मोहिमेची वाताहत झाली. स्पेनची पेरू आणि चिलीशी लढाई जुंपली, पथकाला परत फिरायचा हुकूम आला. एस्पादा आणि आणखी तिघे मात्र इक्वाडोरच्या किनाऱ्यावरून अँडीज ओलांडून, नापो नदीतून ॲमेझॉनमध्ये उतरून थेट ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावर निघाले. वाटेत फाटके कपडे, ताप, उपासमार, आणि पेट्या भरभरून नमुने. त्या खटाटोपातून आपल्यापर्यंत आलेला बेडूक म्हणजे सेंट्रोलीन गेकॉइडियम. गेको म्हणजे पाल. बोटांच्या टोकाच्या रुंद चकत्या बघून दिलेलं नाव.

काचबेडूक साधारण अडीच-तीन सेंटीमीटरचे, अंगठ्याच्या पेरावर मावणारे. हा पठ्ठ्या आठ सेंटीमीटरच्या आसपास. कुळातला सगळ्यात मोठा, नराचे दंड तालमीतल्या पैलवानासारखे. राहतो कुठे, तर कोलंबिया-इक्वाडोरच्या अँडीजमध्ये धबधब्यांच्या तुषारांत. अंडीसुद्धा पानावर नाही, ओल्या खडकावर.

तर, काका, उरलेला अर्धा हा. विचारा काय विचारायचंय ते.

---

टवाळ_गण्या | शनिवार, रात्री ९:५८

पोटात काही लपत नाही असा प्राणी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर हवा होता. खजिनदार म्हणून.

---

शब्दवेल्हाळ | शनिवार, रात्री १०:२१

लेख आवडला. थोडं अवांतर. सेंट्रोलीनमधला पहिला भाग ग्रीक 'केंट्रॉन', म्हणजे टोचणारं टोक, काटा. दुसरा 'ओलीनी', कोपर किंवा हात. हाच केंट्रॉन आपल्याकडे ज्योतिषाबरोबर आला आणि 'केंद्र' झाला. कंपासचं टोक जिथे रुतवायचं तो बिंदू म्हणजे केंद्र. पत्रिकेत गुरू केंद्रात आहे असं सांगणाऱ्या गुरुजींच्या तोंडात आणि या बेडकाच्या दंडात एकच शब्द आहे, हे आज कळलं. रात्र सत्कारणी लागली.

---

पाणवाटा | शनिवार, रात्री १०:३०

@शब्दवेल्हाळ, वा! हे मला माहीत नव्हतं. आता पोस्टल केंद्र, सत्ता केंद्र, सगळीकडे मला काटाच दिसणार.

@गण्या, खजिनदार सेंट्रोलीन निघाला तर हिशेबावर पांढरा पडदा.

---

व्हाळातलो | शनिवार, रात्री ११:०५

आंबोलीच्या खालच्या अंगाला घर आहे. पावसात रात्री बॅटरी घेऊन व्हाळाकडे जायची सवय लहानपणापासून. पानावर बसलेलं बारकं बेडूक, खालून बॅटरी मारली की आरपार उजेड येतो, आतलं काळं-काळं दिसतं. मग ते काचबेडूक नव्हे?

---

पाणवाटा | शनिवार, रात्री ११:३२

नाही हो. काचबेडूक फक्त अमेरिका खंडात. तुम्ही बघता ती बहुधा झुडूपबेडकांची मंडळी. अंग इतकं बारीक आणि कातडी इतकी पातळ की मागून उजेड आला तर आपलं बोटसुद्धा लाल दिसतं, तसला प्रकार. आंबोलीच्या नावानेच एक झुडूपबेडूक आहे, २००९ मध्ये त्याचं वर्णन झालं. यातल्या कित्येकांना बेडूकमाशाची अवस्थाच नसते, अंड्यातून थेट शेपटी झडलेलं पिल्लू.

पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, जगण्याच्या पद्धतीत काचबेडकांच्या जवळ जाणारे आपल्या सह्याद्रीत दुसरेच आहेत. निशाबेडूक. मुंबईचे पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींचं नाव लावणारा जो बॉम्बे नाइट फ्रॉग, तो ओढ्यावर झुकलेल्या पानांवर नाहीतर दगडावर अंडी घालतो आणि पिल्लं खाली पाण्यात टपकतात. काचबेडकांची रीत हीच. वाहत्या पाण्यात अंडी घातली तर मासे नाहीतर प्रवाह, दोघांपैकी एक घेऊन जाणार, त्यापेक्षा पाण्याच्या वर टांगलेली बरी. दोन खंडांत, एकमेकांशी जवळचं नातं नसताना, ओढ्याकाठच्या बेडकांनी तोच तोडगा काढला.

त्या निशाबेडकाची आणखी एक गोष्ट साताऱ्यातल्या हुंबरळीची. तिथे केलेल्या निरीक्षणांवरून २०१६ मध्ये निबंध आला की याचा नर मादीला मिठीच मारत नाही, हात फांदीवर किंवा पानावर टेकून नुसता तिच्यावर उभा राहतो. बेडकांच्या समागमाच्या सहा पद्धती माहीत होत्या, ही सातवी निघाली. कोयनेच्या शेजारी! तर आपल्याकडे काच नाही म्हणून हळहळू नका.

---

व्हाळातलो | रविवार, सकाळी ७:१०

हळहळ नाय. आमच्या व्हाळात बॅटरी घेऊन या एकदा, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात.

---

मुकामार | रविवार, सकाळी ८:४५

पेशाने डॉक्टर, त्यामुळे दोन गोष्टी खटकल्या. हिरवी हाडं कशाने? आणि पारदर्शक अंगातून लाल रक्त फिरतच असणार, ते कसं लपवतात? एवढं लाल दिसलं तर पारदर्शक होऊन उपयोग काय?

---

पाणवाटा | रविवार, सकाळी १०:१५

तुमच्या आयडीतच पहिलं उत्तर आहे, डॉक्टर! मुका मार लागला की चार-पाच दिवसांनी जागा हिरवट पडते ना, तो हिरवा रंग म्हणजेच बिलिव्हर्डिन. आपलं शरीर त्याची विल्हेवाट लावतं. बऱ्याच बेडकांनी ते फेकून न देता साठवायची युक्ती काढली. २०२० मध्ये कार्लोस ताबोआदा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यांच्या रक्तात एक प्रथिन असतं जे बिलिव्हर्डिनला धरून ठेवतं आणि त्याचा रंग पानाच्या हिरव्याशी जुळवून देतं. सेंट्रोलीनची हाडं हिरवी दिसतात ती या रंगाच्या साठ्यामुळे. माणसात एवढं बिलिव्हर्डिन साठलं तर तुम्ही त्याला ॲडमिट करून घ्याल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर २०२२ च्या डिसेंबरात मिळालं, त्याच ताबोआदा आणि जेसी डेलिया यांच्या गटाकडून. मात्र बेडूक सेंट्रोलीन नाही, हायलिनोबॅट्रॅकियम फ्लाइशमानी. हे बेडूक दिवसा पानाच्या खालच्या बाजूला चिकटून झोपतात. झोपलेल्या बेडकाचा फोटो काढला तर लाल काही दिसेना! जागा झाला की लाल परत. म्हणजे रक्त जातंय कुठे? तर यकृतात. झोपेत सुमारे ८९ टक्के तांबड्या पेशी यकृतात भरून ठेवतात. यकृताभोवती आरशासारखं चकचकीत अस्तर असतं, त्यामुळे आतली लाली बाहेर दिसत नाही. अंग दुपटी-तिपटीने पारदर्शक होतं.

मोजायचं कसं, ही खरी अडचण होती. भूल दिली तर रक्त परत फिरायला लागतं, म्हणजे बेडूक खरोखर झोपलेलाच पाहिजे. मग लेझरचा उजेड सोडायचा, हिमोग्लोबिन तो शोषून घेतं आणि सूक्ष्म ध्वनिलहरी सोडतं, त्या टिपून चित्र बनवायचं. बेडकाला हात न लावता.

---

मुकामार | रविवार, सकाळी १०:५२

थांबा, थांबा. एवढ्या तांबड्या पेशी एका जागी दाबून भरल्या तर गुठळी व्हायला हवी. आणि उरलेल्या अकरा टक्क्यांवर बाकीच्या शरीराला प्राणवायू कोण पुरवतं? माझ्या पेशंटचं असं झालं तर मी रात्रभर खुर्चीत बसणार नाही, पळत सुटेन.

---

पाणवाटा | रविवार, सकाळी ११:०८

म्हणूनच बेडूक सोडून रक्तवाले लोक या निबंधावर तुटून पडले. रोज गोळा करतो, रोज सोडतो, आणि गुठळी नाही. त्या मागचं यंत्र हाती लागलं तर कुठवर जाईल ते तुम्हीच जास्त चांगलं सांगाल.

एक खुलासा मात्र करते, कारण ही यकृताची गोष्ट लोक सरसकट सगळ्या काचबेडकांना चिकटवतात. सेंट्रोलीनचं यकृत वेगळं आहे. पाळ्यांचं, आणि वरचं अस्तर आरशासारखं नाही, पारदर्शकच. म्हणून ८९ टक्क्यांचा आकडा तसाच उचलून त्याच्यावर ठेवायचा नाही.

---

शंकासुर | रविवार, दुपारी १:३०

मला मुळातच पटत नाही. बेडूक वरून हिरवा आहे ना? हिरव्या पानावर हिरवा बेडूक, झालं काम. पोट पारदर्शक असून पक्ष्याला काय कळतं? तो वरून बघतो. उगाच सगळ्याला 'लपण्यासाठी' हे उत्तर द्यायची फॅशन आहे.

---

पाणवाटा | रविवार, दुपारी २:५५

शंका रास्त आहे, आणि हीच शंका घेऊन लोकांनी प्रयोग केला. २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जिलेटिनचे बेडूक बनवले, काही अर्धपारदर्शक, काही अपारदर्शक, आणि इक्वाडोरच्या जंगलात पानांवर मांडून ठेवले. पक्ष्यांनी अपारदर्शक जास्त खाल्ले.

कारण मजेशीर आहे. बेडूक आरपार दिसत नाही, त्याला 'काच' म्हणणं थोडं चढवूनच आहे. घासलेली काच म्हणा. पण पाठीपेक्षा पाय जास्त पारदर्शक. बसताना ते पाय अंगाभोवती दुमडून घेतो. म्हणजे मध्ये हिरवं अंग, भोवती फिकट पाय, मग पान. कडा अशी एकदम तुटत नाही, विरघळत जाते. शिकारी पक्ष्याची नजर बाह्यरेषा शोधते आणि इथे रेषाच नाही. पान उजळ असो की गडद, पायातून आलेला उजेड त्याप्रमाणे बदलतो. नुसत्या हिरव्या रंगाला ते जमत नाही.

---

शंकासुर | रविवार, दुपारी ३:२०

बरं. जिलेटिनचा बेडूक खाऊन पक्ष्याचं काय झालं ते कुणी मोजलं नाही वाटतं.

---

किटोकर | रविवार, संध्याकाळी ६:१२

मी मूळचा सांगलीचा, कामामुळे दोन वर्षं इक्वाडोरच्या राजधानीत, किटोत काढली. धागा बघून राहवलं नाही.

किटोपासून गाडीने दोन तासांवर मिंदो नावाचं गाव आहे, उतरणीवर, धुक्यातलं. तिथे रात्री बेडूक दाखवायला नेतात. स्पॅनिशमध्ये यांना 'रानास दे क्रिस्ताल' म्हणतात. मला वाटलं होतं लखलखीत काहीतरी बघायला मिळणार. गाइड काकूंनी अर्धा तास ओढ्यातून चालवलं आणि एका पानाकडे बोट केलं. काही दिसेना. त्यांनी पान खालून उजळलं आणि मग पानावरचा एक हिरवा थेंब बेडूक झाला. डोळे समोर बघणारे, मांजरासारखे. झाडबेडकांचे डोळे बाजूला असतात, हे तुमच्याकडे बघतात. मला तेच जास्त लक्षात राहिलं.

काकू म्हणाल्या की याच्या दंडात काटा आहे आणि नर एकमेकांशी उलटं लटकून कुस्ती खेळतात. मागच्या पायांनी पान धरायचं आणि हवेत लोंबकळत एकमेकांना कवटाळायचं. आमच्या सांगलीत शड्डू ठोकून खेळतात, इथे लोंबकळून! मग तो सेंट्रोलीनच होता ना? नाव वहीत लिहून घेतलं होतं: प्रोसोब्लेपॉन.

---

पाणवाटा | रविवार, संध्याकाळी ७:४०

अहो किटोकर, तुम्ही नेमका तो बेडूक बघितलात ज्याच्यावरून नावांचा घोळ सांगता येतो. २००९ पर्यंत तो सेंट्रोलीन प्रोसोब्लेपॉनच होता. आता एस्पादाराना प्रोसोब्लेपॉन. एस्पादा आठवतोय ना, ॲमेझॉनमधून फाटक्या कपड्यांत निघालेला? त्याच्या नावावरून नवं घराणं काढलं. स्पॅनिशमध्ये 'एस्पादा' म्हणजे तलवार आणि 'राना' म्हणजे बेडूक. दंडात काटा बाळगणाऱ्याला तलवारबेडूक हे नाव योगायोगाने का होईना, शोभलं.

---

शंकासुर | रविवार, रात्री ८:०५

म्हणजे काटा असूनही सेंट्रोलीन नाही. मग पहिल्या पोस्टमध्ये काटा-काटा कशाला केलंत? शास्त्रज्ञांना दर वीस वर्षांनी पाट्या बदलायचा उद्योगच आहे. आमच्या गल्लीचं नाव तीनदा बदललं, खड्डे तेच.

---

पाणवाटा | रविवार, रात्री ९:२५

पकडलंत. काटा हे सेंट्रोलीनचं लक्षण, पण एकट्या त्याचं नाही. हाच तर धडा मिळाला लोकांना.

थोडं मागून सांगते. १९५१ मध्ये अमेरिकेच्या एडवर्ड टेलरने काचबेडकांचं स्वतंत्र कूळ मांडलं. त्याच वर्षी त्याने कॉक्रानेला हे घराणं काढलं, स्मिथसोनियनमध्ये बेडूक-सापांचा संग्रह सांभाळणाऱ्या डोरिस कॉक्रान यांच्या नावाने. मग बरीच वर्षं बहुतेक जाती सेंट्रोलिनेला नावाच्या एका मोठ्या पिशवीत. १९९१ मध्ये कोलंबियात काम करणाऱ्या रुइस-कारान्सा आणि लिंच यांनी पिशवी उपसली: काटा असेल तर सेंट्रोलीन, काटा नाही आणि यकृत गोल, पांढरं असेल तर हायलिनोबॅट्रॅकियम, उरलेले कॉक्रानेला. साधी, सुटसुटीत, हातात बेडूक धरून करता येईल अशी वाटणी.

मग डीएनए आला. २००९ मध्ये हुआन मानुएल ग्वायासामिन आणि सहकाऱ्यांनी वंशवृक्ष मांडला तेव्हा दिसलं की काटा कुळात एकापेक्षा जास्त वेळा आला-गेलाय. काटेवाले सगळे एकमेकांचे जवळचे नातलग नाहीत. कोलंबियाच्या सिएरा नेवादा दे सांता मार्ता या एकट्या पडलेल्या पर्वतावरचा इकाकोगी टायरोना तर काटा असूनही सगळ्यांपासून फार जुना तुटलेला. दाढी एकसारखी म्हणून भाऊ ठरवले होते, रक्त तपासल्यावर शेजारी निघाले. म्हणून आता काटा, हिरवी हाडं, छातीवरचा पडदा, यकृताचं अस्तर, आणि डीएनए, असं सगळं मिळून सेंट्रोलीन ठरतं. त्यात आज तीसहून जास्त जाती आहेत, व्हेनेझुएलापासून पेरूपर्यंतच्या अँडीजमध्ये.

खड्डे तेच, हे मात्र मान्य नाही. डोंगराच्या एका अंगाचा बेडूक दुसऱ्या अंगाच्या बेडकाहून वेगळा आहे हे कळल्यावरच कुठलं अंग वाचवायचं ते ठरतं.

---

सायलीची_आई | सोमवार, दुपारी १२:३०

वाचतेय, मस्त चाललंय. अंडी पानावर टांगली, पुढे काय? कोण बघतं त्यांच्याकडे? आमच्याकडे सध्या हाच विषय ऐरणीवर आहे.

---

पाणवाटा | सोमवार, दुपारी ३:४५

सायलीची आई, हे वाचून घरी दाखवा. हायलिनोबॅट्रॅकियममध्ये बाप बघतो. कोस्टा रिकाचा व्हॅलेरिओई तर दिवसरात्र अंड्यांजवळ बसतो, गांधीलमाश्या आल्या तर हाकलतो. एकाच वेळी दोन-तीन माद्यांची अंडी सांभाळणारेही असतात. सेंट्रोलीनमध्येही काही जातींत बाप आहे, कोलंबियाचा साव्हाजेई, इक्वाडोरचा पेरिस्टिक्टा.

आईचं काय, तर बरीच वर्षं समज होता की बहुतेक जातींत अंडी घातली की ती चालती होते. २०१७ मध्ये डेलिया (तोच, रक्तवाला) आणि सहकाऱ्यांनी रात्र-रात्र बसून बघितलं. कितीतरी जातींत आई त्या रात्री काही तास अंड्यांवर पोट टेकून बसते. त्या वेळात अंड्यांभोवतीची जेली पाणी पिऊन फुगते. फुगलेली जेली म्हणजे पुढचे दिवस कोरडं पडण्यापासून आणि खाणाऱ्यांपासून संरक्षण. संशोधक सकाळी यायचे, तेव्हा आई गेलेली असायची. आईचं काम रात्री होतं आणि नोंद दिवसा घेतात. तेव्हा ते नोंदलंच जात नाही.

पिल्लं ओढ्यात पडली की काठच्या कुजक्या पानांत, गाळात शिरतात. अंगात रंग नसल्यामुळे रक्त दिसून लालसर दिसतात, शेपूट लांब, वळवळणारं. तिथे महिनोन्महिने. कुणाच्या नजरेस पडत नाहीत.

---

सायलीची_आई | सोमवार, दुपारी ३:५८

'नोंद दिवसा घेतात' हे वाक्य फ्रिजवर लावतेय.

---

किटोकर | सोमवार, रात्री ८:२०

एक विचारतो. तो मोठा, धबधब्यावरचा गेकॉइडियम, आज बघायला मिळतो का? मिंदोच्या काकूंना विचारलं होतं, त्यांनी नुसती मान हलवली. किटोतले म्हातारे सांगतात की त्यांच्या लहानपणी हांबातो नावाचे काळे, नारिंगी पोटाचे बेडूक घराच्या अंगणात, रस्त्यावर पायाखाली यायचे. मग एकदम नाहीसे झाले.

---

पाणवाटा | सोमवार, रात्री १०:५०

हा भाग लिहायचा टाळत होते.

तुमचा हांबातो १९८८ नंतर दिसेनासा झाला, २०१६ मध्ये एका खोऱ्यात थोडे सापडले. कोस्टा रिकाच्या मॉन्तेव्हेर्देतला सोनेरी भेक १९८९ नंतर कुणी बघितला नाही. सगळे उंचावरचे, थंड ओढ्यांचे, आणि जंगल शाबूत असताना गेलेले. ते कोडं होतं. झाडं उभी, पाणी स्वच्छ, बेडूक नाहीत.

उत्तर १९९८-९९ मध्ये मिळालं, कायट्रिड नावाची बुरशी. ती बेडकाच्या कातडीत वाढते. बेडूक कातडीतून पाणी आणि क्षार घेतो-सोडतो. ते बिघडलं की रक्तातलं सोडियम-पोटॅशियम उतरतं आणि हृदय थांबतं. डॉक्टरांना वेगळं सांगायला नको. बुरशीला गारवा आणि ओल मानवते, म्हणजे नेमका धुक्याच्या जंगलाचा पट्टा. २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात जगभरात ५०१ जातींची संख्या या बुरशीमुळे घसरल्याचं आणि त्यातल्या ९० बहुधा संपल्याचं मांडलंय.

सेंट्रोलीन त्याच पट्ट्यातले. बक्लेयी नावाचा एक तीन हजार मीटरच्या वरही राहतो, झाडांवरच्या अननसासारख्या रोपांत, कुरणाच्या कडेला. इक्वाडोरमध्ये पूर्वी ठिकठिकाणी मिळायचा, आता बऱ्याच जागी मिळत नाही. गेकॉइडियमही फार दुर्मिळ झालाय. बुरशीबरोबर उतारावरचं जंगल कापून केलेली कुरणं आणि ओढ्यात सोडलेले ट्राउट मासेही आहेतच. काकूंनी मान हलवली ती त्यामुळे.

---

शंकासुर | सोमवार, रात्री ११:१५

मग करतंय काय कोणी? का नुसते निबंध?

---

किटोकर | मंगळवार, सकाळी ६:४०

निबंध नुसतेच नसतात. इक्वाडोरने २००८ च्या संविधानात निसर्गालाच हक्क दिले. तेव्हा मलाही ते भाषणातलं वाक्य वाटलं होतं. पण किटोच्या वायव्येला लोस सेद्रोस नावाचं धुक्याचं जंगल आहे. तिथे खाणीला परवानगी दिली होती. २०२१ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने सांगितलं की हे जंगलाच्या हक्कांच्या विरुद्ध आहे, आणि परवानग्या रद्द. मी तेव्हा तिथेच होतो, ऑफिसात लोक त्यावर तावातावाने भांडत होते. अर्धे म्हणत, तांबं नको तर शाळा कशावर चालवणार.

---

पाणवाटा | मंगळवार, सकाळी ९:३०

आणि त्याच परिसरातल्या रिओ मांदुरियाकू अभयारण्यातून २०१९ मध्ये एका नव्या काचबेडकाचं वर्णन झालं, निम्फार्गस मांदुरियाकू, पिवळे ठिपके असलेला. नाव मिळालं तेव्हाच खाणीची टांगती तलवार होती. नावं बदलायचा उद्योग म्हणता ना शंकासुर, कोर्टात 'तिथे राहतं कोण' विचारल्यावर यादी कुठून येते?

दुसरं, २०२२ च्या नोव्हेंबरात पनामात वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराची बैठक झाली. तिथे अख्खं काचबेडूक कूळ नियंत्रित यादीत टाकलं. आता परवान्याशिवाय एका देशातून दुसऱ्या देशात नेता येत नाही. युरोप-अमेरिकेत हौशी लोक काचेच्या पेटीत पाळायला घेतात, तो धंदा वाढला होता. आणि तो वाढायला, माझ्या मते, तेच हृदयवाले फोटो कारणीभूत.

---

अण्णा_वेंगुर्लेकर | मंगळवार, सकाळी ११:००

व्यापार म्हणाल तर आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. बेडकाच्या तंगड्या बोटीने परदेशात जायच्या. १९८७ मध्ये सरकारने निर्यात बंद केली म्हणून. आमच्या वाडीत त्या वेळी पेट्रोमॅक्स घेऊन शेतात फिरणारी माणसं मी बघितलीत. नंतर शेतात किडे वाढले असं वडील म्हणायचे.

---

टवाळ_गण्या | मंगळवार, दुपारी १:१५

धागा गंभीर झाला म्हणून गप्प होतो. तो उलटा लटकून कुस्तीवाला व्हिडिओ कुठे मिळेल?

---

किटोकर | मंगळवार, दुपारी १:४०

माझ्याकडे आहे, पण त्यात अकरा सेकंद पान आणि चार सेकंद माझा अंगठा आहे.

---

दिनू_काका | मंगळवार, रात्री ९:०५

नवीन आयडी काढला. चि. पाणवाटा, सगळं वाचलं. चष्मा लावून. सोयीसाठी थोडक्यात करून ग्रुपवर टाकलं आहे.

---

पाणवाटा | मंगळवार, रात्री ९:२२

काका, आत्ताच बघितलं. फोटो तोच जुना, लाल हृदयवाला, आणि खाली मजकूर: 'या बेडकाच्या हातात खंजीर असतो, हृदय पडद्याआड असतं.' आत्याने पुन्हा 'अगंबाई' लिहिलंय.